आधी जागा सापडू द्या

पत्र:

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी मानवत तालुक्यातली. आमचे मालक तेहतीस वर्षांचे आहेत, जिनिंगमध्ये कामाला जातात. चौदाव्या वर्षापासून त्यांना फिट येते. आधी पोटातून काहीतरी वर चढतंय म्हणतात. मग एकटक बघत राहतात, तोंडात काही नसताना चघळतात, डाव्या हातानं शर्टाचं बटण चाचपतात आणि उजवा हात आखडतो. दोन मिनिटांत संपतं, पण पुढं पंधरा मिनिटं शब्द फुटत नाही. महिन्यात तीन-चार वेळा येते, दिवाळी ते संक्रांत जास्त. सासूबाई सांगतात की दीड वर्षाचे असताना तापात अर्धा तास झटके आले होते. सध्या तीन गोळ्या चालू आहेत, त्याआधीच्या दोन गुण आला नाही म्हणून बंद केल्या. एमआरआय आठ वर्षांपूर्वी काढला, नॉर्मल आला. एका डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं तर सासूबाई म्हणाल्या, डोकं उघडायचं नाही. आता मोबाइलवर व्हिडिओ पाहिला की चिरफाड न करता आवाजाच्या लहरींनी मिरगी बरी होते. ओळखीचा एक माणूस मुंबईत नंबर लावून देतो म्हणतो, पन्नास हजार आधी मागतो. माझं माहेरचं सोनं आहे, अर्धा एकर विकायचीही तयारी आहे. लग्नाआधी मला आजार सांगितला नव्हता, त्याचा आता राग नाही. मुलगा चार वर्षांचा आहे, त्याला होईल का ही भीती आहे. काय करू?

उत्तर:

ताई, त्या माणसाला पन्नास हजार देऊ नका. सोनं आहे तिथं राहू द्या आणि अर्ध्या एकराचा विषय घरात काढूही नका. बाकीचं सगळं सविस्तर सांगते, पण हे आधी, कारण उत्तर हाती पडेपर्यंत तुम्ही पैसे देऊन बसाल याची मला काळजी वाटते.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. समोर बसलेले नातेवाईक बहुतेक वेळा "फिट येते, पडतो" एवढंच सांगतात. तुम्ही कोणता हात आखडतो, कोणता चाळा करतो, बोलायला किती वेळ लागतो, सगळं टिपलंत. पोटातून वर चढल्यासारखं वाटणं, एकटक पाहणं, चघळणं ही अपस्माराच्या, म्हणजे मिरगीच्या, एका ओळखीच्या प्रकाराची लक्षणं आहेत. हा प्रकार मेंदूच्या कानशिलाजवळच्या भागातून, म्हणजे टेम्पोरल लोबमधून सुरू होतो. उजवं अंग मेंदूची डावी बाजू चालवते, त्यामुळे उजवा हात आखडतो तेव्हा डाव्या बाजूचा संशय येतो. नंतर बराच वेळ शब्द फुटत नाही, तेही डावीकडेच नेतं, कारण बहुतेक माणसांचं बोलण्याचं केंद्र डावीकडे असतं. आणि सासूबाईंनी सांगितलेली ती तापातली अर्ध्या तासाची गोष्ट! लहानपणी झटके असे लांबले तर काही मुलांच्या या भागात आत एक व्रण राहून जातो. तो वर्षानुवर्षं गप्प असतो आणि वयात येताना फिट सुरू होतात.

पत्रावरून निदान होत नाही आणि मी ते करत नाही. पण इतक्या खुणा एका जागेकडे बोट दाखवत असताना एकोणीस वर्षांत ती जागा कुणी नीट शोधलेली दिसत नाही. तुमच्या पत्रातलं मला सर्वांत जास्त लागलं ते हेच.

आता त्या व्हिडिओबद्दल. त्यातलं यंत्र खरं आहे. मुलाच्या वेळी तुमची सोनोग्राफी झाली असेल, त्याच जातीच्या या लहरी. उन्हात भिंग धरून कागद जाळायचा खेळ आपण सगळ्यांनीच केलाय. ऊन साधंच असतं, पण एका ठिपक्यावर गोळा झालं की कागद पेटतो. इथं माणसाच्या डोक्यावर टोपासारखं यंत्र बसवतात. त्यात लहरी सोडणारे १०२४ लहान स्रोत असतात. एकेकटी लहर मेंदूतून जाते आणि तिथं काही होत नाही. सगळ्या मिळून एका ठिपक्यावर आल्या की तिथलं तापमान ५५ ते ६० अंशांपर्यंत चढतं आणि तेवढाच कण निकामी होतो. माणूस एमआरआयच्या यंत्रात जागा असतो, आतलं तापमान डॉक्टरांना पडद्यावर दिसत राहतं. कवटीचं हाड या लहरी शोषून तापतं, म्हणून टोपात गार पाणी खेळवतात. चाकू लागत नाही हे खरं, पण डोकं पूर्ण भादरावं लागतं आणि चौकट खिळ्यांनी कवटीला घट्ट बसवतात. व्हिडिओत ते दाखवलं होतं का?

हात थरथरण्याच्या एका आजारासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या उपचाराला २०१६ मध्ये मान्यता दिली. आपल्याकडेही मोजक्या रुग्णालयांत त्यासाठी हे यंत्र आलंय, आणि चहाचा कप धरता न येणारा माणूस त्याच दिवशी कप धरून दाखवतो. तुमच्या व्हिडिओत असंच काही असेल तर तो माणूस फिटचा नव्हता, थरथरीचा होता. थरथरीत हा उपचार इतका जमतो याला कारणं आहेत. निकामी करायचा ठिपका सगळ्यांच्या डोक्यात साधारण एकाच ठिकाणी, अगदी मध्यभागी असतो, आणि लहरी मध्यभागीच सगळ्यांत चांगल्या गोळा होतात. शिवाय डॉक्टर आधी तो ठिपका थोडासाच तापवतात, रुग्णाला कागदावर गोल-गोल रेघ काढायला लावतात, थरथर कमी झालेली दिसली तरच पुढे जातात.

फिटच्या आजारात यातलं काहीच हाताशी नसतं. प्रत्येकाची जागा वेगळी. टेबलावर फिट येत नाही, त्यामुळे ठिपका बरोबर पकडला की चुकला हे तिथल्या तिथं कळायला मार्ग नाही. आणि टेम्पोरल लोब असतो खाली, बाजूला, कवटीच्या बुडाशी. तिथं लहरी नीट एकवटत नाहीत, उलट जवळचं हाड तापण्याचा धोका असतो. म्हणून संशोधक सध्या दोन वाटांनी चाललेत. काही जण मेंदूच्या खोल मध्यभागातल्या गाठीसारख्या भागांवर किंवा झटके पसरवणाऱ्या मधल्या ठाण्यावर हा उपचार करून पाहतात. काही जण न जाळता, अगदी सौम्य लहरींनी तो भाग शांत होतो का ते पाहतात. या दुसऱ्या वाटेवरचा एक प्राथमिक अभ्यास तैवानमधल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात रुग्ण होते सहा. मुख्य प्रश्न होता की हे करणं सुरक्षित आहे का. फिट कायमच्या थांबतात का, हा प्रश्न अजून पुढचा आहे. हे संशोधन यशस्वी व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण माझ्या कितीतरी रुग्णांना त्याची गरज आहे. पण संशोधन चालू असलेली गोष्ट आणि सोनं मोडून घ्यायचा उपचार या दोन गोष्टी तुम्ही वेगळ्या ठेवा.

आपल्या देशात असा प्रयोग माणसांवर करायचा तर आधी नैतिक समितीची परवानगी लागते, सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद लागते, रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून लेखी संमती घ्यावी लागते आणि प्रयोगामुळे इजा झाली तर उपचार मोफत द्यावे लागतात. नंबर लावून देणारा मधला माणूस या सगळ्यात कुठंच बसत नाही.

आणि ताई, समजा हे यंत्र उद्या परभणीत आलं. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील की फिट नेमकी कुठून सुरू होते? लहरी असोत, लेझर असो की चाकू, जागा सापडल्याशिवाय कुणालाच हात घालता येत नाही. तुमच्याकडे त्या प्रश्नाचं उत्तर नाही. ते मिळवायला सोनं मोडावं लागत नाही.

योग्य निवडलेली, पुरेशा मात्रेत आणि नियमित घेतलेली दोन औषधं देऊनही फिट थांबत नसतील तर तो औषधांना न जुमानणारा अपस्मार समजावा, असं अपस्मारावरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१० मध्ये ठरवून दिलं. तुमच्या मालकांच्या पाच झाल्या. स्कॉटलंडमधल्या डॉक्टरांनी २००० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात आधी कधीच औषध न घेतलेले ४७० रुग्ण होते. पहिल्या औषधानं १०० पैकी ४७ जणांच्या फिट थांबल्या, दुसऱ्यानं आणखी १३ जणांच्या, त्यापुढच्या सगळ्या औषधांनी मिळून जेमतेम ४. सहावी गोळी लागू पडणारच नाही असं मी म्हणत नाही. पण नुसत्या तिच्या भरवशावर आणखी पाच वर्षं घालवू नयेत.

हे मी अधिकारानं सांगत नाही, चुकीतून शिकून सांगते. एक मुलगा एकोणीस वर्षांचा असताना माझ्याकडे आला. अगदी अशाच फिट. मी अकरा वर्षं त्याच्या गोळ्या बदलत राहिले. कमी कर, वाढव, नवीन आलेली देऊन बघ. शस्त्रक्रिया ही फार लांबची, फार खर्चाची, शेवटची गोष्ट असं माझ्या डोक्यात होतं आणि त्याच्या वडिलांच्या डोळ्यांत भीती दिसली की मला तेवढंच कारण पुरायचं. शेवटी तिरुवनंतपुरमला पाठवलं. नव्या एमआरआयमध्ये डाग स्पष्ट दिसला. ऑपरेशन झालं, फिट थांबल्या. तोवर त्याचं बी.एस्सी. अर्धवट सुटलं होतं, दोन ठरलेली लग्नं मोडली होती. तो मला कधी काही बोलला नाही. मी मात्र त्यानंतर दुसरी गोळी फसली की तिसरी लिहायच्या आधी तपासणीचं पत्र लिहिते.

तर काय करायचं ते सांगते. आठ वर्षांपूर्वीचा "नॉर्मल" एमआरआय बाजूला ठेवा. साध्या एमआरआयमध्ये हा व्रण निसटू शकतो. अपस्मारासाठी वेगळ्या पद्धतीनं, बारीक काप घेऊन एमआरआय काढतात, शक्यतो ३ टेस्लाच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाच्या यंत्रावर, आणि तो या आजाराची सवय असलेल्या डॉक्टरांनी पाहावा लागतो. दुसरी तपासणी व्हिडिओ ईईजी. मेंदूतली विजेची हालचाल टिपायला डोक्याला वायरी लावून काही दिवस दवाखान्यात ठेवतात, कॅमेरा चालू असतो आणि फिट येण्याची वाट पाहतात. त्यासाठी तिथं गोळ्या मुद्दाम कमी करतात. घाबरू नका, पण घरी स्वतःच्या मनानं गोळ्या कमी करण्याची चूक चुकूनही करू नका, त्यातून फिट थांबेनाशी होऊ शकते आणि जीव जातो. तिसरी, स्मरणशक्ती आणि भाषेची चाचणी. संशय डाव्या बाजूचा असल्यामुळे तुमच्या मालकांच्या बाबतीत ती फार महत्त्वाची.

सासूबाईंची भीती मला खोटी वाटत नाही. पोटच्या पोराचं डोकं उघडायचं म्हटल्यावर कुठल्या आईचा जीव थाऱ्यावर राहील? त्यांच्याशी भांडू नका, पुढचं वाचून दाखवा. कॅनडात टेम्पोरल लोबच्या अपस्माराच्या ८० रुग्णांवर अभ्यास झाला, तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना शस्त्रक्रिया, निम्म्यांना वर्षभर गोळ्याच. वर्षानंतर शुद्ध हरपणाऱ्या फिटमधून मोकळे झालेले शस्त्रक्रियेच्या गटात १०० ला ५८ होते, गोळ्यांच्या गटात ८. दिल्लीच्या एम्समध्ये वेगवेगळ्या प्रकारच्या अपस्माराच्या ११६ मुलांवर असाच अभ्यास झाला, २०१७ मध्ये आला. तिथं १०० ला ७७ विरुद्ध ७. म्हणजे हे आपल्या देशात, सरकारी रुग्णालयात, आपल्या डॉक्टरांच्या हातून होतं.

दुसरी बाजू लपवणार नाही. शस्त्रक्रियेत रक्तस्राव, जंतुसंसर्ग होऊ शकतो. नजरेच्या वरच्या एका कोपऱ्यातलं दिसणं कमी होऊ शकतं, ते बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही. डाव्या बाजूला केली तर नावं पटकन न आठवणं, ऐकलेलं विसरणं असा त्रास राहू शकतो, आणि तो त्या स्मरणशक्तीच्या चाचणीवरून बराचसा आधी जोखता येतो. तपासण्यांनंतर डॉक्टर स्वतःच "ऑपरेशन नको" म्हणतील असंही होऊ शकतं. मग दुसरे मार्ग आहेत, मानेतल्या नसेला सौम्य विजेचे संदेश देणारं यंत्र आहे, मेंदूत खोलवर बसवायचं यंत्र आहे. ते त्या वेळी बघू. तपासणीला होकार म्हणजे ऑपरेशनला होकार नाही, एवढं सासूबाईंना पटवलंत तरी पुष्कळ झालं. आणि काहीच न करणं सुरक्षित आहे असं त्यांना वाटत असेल तर तेही खरं नाही. दर महिन्याला तीन-चार फिट येणारा माणूस, शेजारी चालू मशीन.

वाट अशी धरा. आधी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, अंबाजोगाई, नांदेड किंवा संभाजीनगरची घाटी, जिथं जाणं सोयीचं तिथं मेडिसिन विभागात दाखवा आणि "अपस्मार शस्त्रक्रियेच्या दृष्टीनं तपासणी" असं लिहिलेलं पत्र मागा. हे शब्द असेच वापरा. मग परभणीहून देवगिरी किंवा तपोवन पकडून मुंबईला परळचं केईएम. ते पालिकेचं रुग्णालय आहे, अपस्माराची शस्त्रक्रिया तिथं होते. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था आणि बंगळूरचं निम्हान्स ही या कामातली जुनी, जाणती ठिकाणं. रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमच्या बाबतीत काय बसतं आणि काय नाही हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, दाखल होण्याआधी.

दिवाळी ते संक्रांत फिट वाढतात असं तुम्ही लिहिलंत. तो जिनिंगचा सीझन. रात्रपाळी असते ना? झोप मोडणं हे फिट यायचं फार मोठं कारण आहे. मुकादमाला विनंती करून दिवसपाळी मागा, पैसे थोडे कमी मिळाले तरी चालतील, आणि बेल्ट, मशीनपासून दूरचं काम मागा. पाळी बदलली म्हणून गोळीची वेळ चुकते का तेही बघा. हातात पैसे नसले की चार दिवस गोळ्या राहतात, असं आपल्याकडे घरोघर होतं. तसं होत असेल तर तपासणीच्या वेळी मोकळेपणानं सांगा. मेडिकलवाल्यानं कंपनी बदलून गोळी दिली तर घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. मोटारसायकल बंद. विहिरीवर एकट्यानं मोटार चालू करायला जाणं बंद. न्हाणीघराला आतून कडी नको.

फिट आली की कांदा, चप्पल, हातात किल्ली, काही नको. दातांमध्ये चमचा तर मुळीच नको. खाली पडले तर एका कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा एकामागून एक आली तर १०८ ला फोन करा. अशा वेळी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे मिळतो, तो लिहून द्यायला डॉक्टरांना सांगा.

मुलाबद्दल. लहानपणच्या अशा व्रणामुळे आलेला अपस्मार सहसा बापाकडून मुलाकडे जात नाही. त्याला जोराचा ताप आला तर ताप उतरवा, झटका आलाच तर लगेच दवाखाना गाठा. त्याच्यासाठी एवढंच लक्षात ठेवा. आणि वडिलांना फिट येते तेव्हा त्याला लांब नेऊ नका. बाबांना फिट आली, आता थांबेल, असं त्याच्यासमोर साध्या आवाजात म्हणा.

लग्नाआधी आजार लपवला याचा राग नाही, असं तुम्ही लिहिलंत. राग असता तरी मी तुम्हाला दोष दिला नसता. हिंदू विवाह कायद्यात एके काळी अपस्मार हे लग्न रद्द करायला कारण होतं, १९९९ च्या दुरुस्तीनं ते काढलं. त्या जुन्या कलमाची आणि लोकांच्या बोलण्याची भीती किती घरांनी उराशी धरली असेल. तुमच्या सासूबाईही त्याच भीतीत वीस वर्षं काढून आल्यात. त्यांना तपासणीला सोबत घेऊन जा. दीड वर्षाच्या वयात काय घडलं ते डॉक्टरांना सांगू शकेल अशी बाई घरात एकच आहे.

जिनिंग सुरू व्हायच्या आत निघा. तोवर एका वहीत प्रत्येक फिटची तारीख, वेळ, आदल्या रात्री किती झोप झाली आणि गोळी चुकली होती का एवढं लिहा. आणि एक व्हिडिओ तुम्हीही काढा. पोटातून चढतंय असं ते म्हणाले की मोबाइल उचला. चेहरा आणि दोन्ही हात दिसायला हवेत, अंगावरची चादर बाजूला करा, आणि त्यांचं नाव, मुलाचं नाव, "हे काय आहे" असं एखादी वस्तू दाखवून विचारत राहा. त्यांना पहिला शब्द सुचेपर्यंत व्हिडिओ बंद करू नका.